मेंदू जागा, स्नायू धडधाकट, मग बोट का हलेना?

प्रश्न असा आला आहे: "पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माझ्या धाकट्या भावाला रात्री मण्यार चावली. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. आठ वाजेपर्यंत पापण्या जड झाल्या, दुपारी व्हेंटिलेटरवर गेला. पाच दिवस बोटसुद्धा हललं नाही. आता घरी आहे आणि सांगतो, की त्याला सगळं ऐकू येत होतं. म्हणजे मेंदूला काही झालं नव्हतं. हृदय चालू होतं. हातापायाला मार नव्हता. मग बिघडलं काय? शेजारच्या खाटेवरचा नाग चावलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसला, याला तीच सापाची लस देऊन पाच दिवस का लागले? आणि ही कमजोरी कायमची राहील का?"

बिघाड झाला तो एका फटीपाशी. मेंदूचा हुकूम घेऊन आलेला चेतातंतू जिथे संपतो आणि स्नायू जिथे सुरू होतो, त्यांच्या मधे साधारण ५० नॅनोमीटर रुंदीची फट असते. केसाच्या जाडीत अशा हजारभर फटी मावतील. मेंदूपासून इथवर सगळं शाबूत होतं, इथून पुढेही सगळं शाबूत होतं. विषाने फटीचा अलीकडचा काठ तेवढा खाऊन टाकला होता.

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली सत्तावीस वर्षं तालुक्याच्या गावी ऑपरेशनसाठी भूल देते, आणि अतिदक्षता विभागातले व्हेंटिलेटरवरचे पेशंटही माझ्याकडेच असतात. ही फट म्हणजे माझी रोजची कामाची जागा. रोज सकाळी मी ती औषधाने बंद करते आणि ऑपरेशन संपलं की उघडून देते. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण "विष अंगात भिनलं" एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही आणि होऊही नये.

आधी चेतातंतूबद्दल. त्याला आपण सर्रास वायर म्हणतो, पण वायरीतून वीज वाहते तसं त्यातून काही वाहत जात नाही. चेतापेशीच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असते. हा फरक टिकवण्यासाठी पेशीचा पंप सतत राबत असतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. संदेश सुरू होताना हा फरक थोडा कमी होतो, आणि उणे ५५ च्या आसपास पोचला की पेशीच्या आवरणातली सोडियमची दारं धाडकन उघडतात. सोडियम आत घुसतं, क्षणभर आतली बाजू धन होते. लगेच ती दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं, गाडी पूर्वपदावर. सगळा खेळ एखाद-दुसऱ्या मिलिसेकंदाचा. पण तेवढ्यात शेजारची दारं उघडलेली असतात, मग त्यांच्या शेजारची. स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेलं पुढे देतात, तशी ही लाट पुढे जाते. फरक एवढाच, की इथे प्रत्येक जण आपलं नवं घमेलं भरतो. म्हणून पाठीच्या कण्यातून निघालेला संदेश पायाच्या अंगठ्याशी पोचेपर्यंत जराही क्षीण होत नाही.

हे सगळं ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माखली जातीच्या एका समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूत बारीक तार घालून मोजलं. १९५२ साली त्यांनी ते गणितासकट मांडलं, १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या हातातल्या चेतातंतूवर चरबीचं वेष्टण असतं आणि लाट त्याच्या मधल्या उघड्या गाठींवरून उड्या मारत जाते, त्यामुळे वेग सेकंदाला ५०-६० मीटर पडतो. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते ना, ती अशाच एका तंतूची. तोच तंतू पुढे मनगटाशी मला रोज भेटतो, त्याबद्दल थोडं पुढे.

दाताचा डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतो ते याच सोडियमच्या दारांना खुट्टी घालतं. कोकणातल्या लाल विंचवाचं विष उलट करतं, दारं नीट मिटूच देत नाही. मग चेतातंतू वेड्यासारखे संदेश पाठवत राहतात आणि हृदयावर भयंकर ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं आणि त्या विंचवाने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. पण तुमच्या भावाच्या बाबतीत हा रस्ता ठीकठाक होता. त्याचा मेंदू "हात हलव" म्हणत होता आणि तो हुकूम हाताच्या स्नायूच्या दाराशी येऊन थडकतही होता.

तिथे पुढे फट आहे, आणि ती विजेला ओलांडता येत नाही.

हे माणसाला बऱ्याच उशिरा कळलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला क्युरारे नावाचं विष लावत, त्याने शिकार लुळी पडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांनी त्यावर बेडकाचा प्रयोग केला. बेडकाच्या कमरेभोवती दोरा असा आवळला, की मागच्या पायांकडे रक्त जाऊ नये पण चेतातंतू मोकळे राहावेत. मग पुढच्या भागात क्युरारे टोचलं. पुढचे पाय लुळे पडले. पण त्याच लुळ्या भागाला चिमटा काढला, की मागचे पाय उडत. म्हणजे चिमटा कळत होता. तो आत पोचत होता, आतून हुकूमही सुटत होता. विष जिथे रक्तातून गेलं होतं तिथे चेतातंतूला झटका दिला तर स्नायू ढिम्म, आणि थेट स्नायूला झटका दिला तर तो व्यवस्थित आखडे. तंतू ठीक, स्नायू ठीक, दोघांमधलं बोलणं बंद. तुमच्या भावाची पाच दिवसांची अवस्था नेमकी हीच होती. बेडकाला सांगता आलं नाही, तुमच्या भावाने सांगितलं.

बोलणं कुठल्या भाषेत चालतं, याचा पहिला ठोस पुरावा १९२१ साली ओटो लोवी यांनी दिला. त्यांनीही बेडूकच घेतला, पण त्याचं हृदय. एका हृदयाचा वेग त्याच्या चेतातंतूला झटके देऊन मंद केला, आणि त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं. दुसरंही मंद झालं, तिथे कुठलाही तंतू न छेडता. म्हणजे तंतूच्या टोकातून काहीतरी रसायन पाझरत होतं. ते ॲसिटिलकोलीन. हेन्री डेल यांनी दाखवलं, की हातापायाच्या स्नायूंपाशीही तेच काम करतं. दोघांना मिळून १९३६ चं नोबेल मिळालं.

आता त्या फटीत काय घडतं ते जवळून बघू. चेतातंतूच्या टोकात ॲसिटिलकोलीनच्या पुड्या बांधून तयार असतात. एका पुडीत पाच ते दहा हजार रेणू. लाट टोकाशी आली की कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि त्याच्या इशाऱ्यावर काही पुड्या काठाला चिकटून फुटतात. माणसाच्या स्नायूत एका संदेशामागे साधारण २० ते ५० पुड्या. सुटी रसायनाची धार कधी नाही, नेहमी पूर्ण पुडी. हे पुड्यांचं गणित बर्नार्ड कात्झ यांनी १९५० च्या दशकात उलगडलं. पलीकडच्या काठावर स्नायूचे रिसेप्टर, म्हणजे हे रसायन झेलणाऱ्या जागा, दाटीवाटीने बसलेले असतात, एका चौरस मायक्रोमीटरमध्ये दहा हजारांच्या घरात. एका रिसेप्टरवर ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू बसले की त्याच्या मधलं छिद्र उघडतं, सोडियम स्नायूत शिरतं आणि स्नायूच्या अंगावर नवी लाट सुरू होते. फटीतच एक एन्झाइम बसलेलं असतं, कोलिनएस्टरेज. ते लगोलग ॲसिटिलकोलीनचे तुकडे करून फट स्वच्छ करतं, म्हणजे पुढचा संदेश वेगळा ओळखता येतो. हे झाडलोटीचं काम थांबलं तर काय होतं, तेही पुढे येईल.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे शिल्लक. निसर्गाने इथे हात सैल सोडला आहे. गरजेपेक्षा कितीतरी जास्त पुड्या फुटतात, लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त रिसेप्टर ठेवलेले असतात. ही शिल्लक मी रोज बोटाने तपासते. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, दोन चिकटपट्ट्या लावायच्या. तिथे तो कोपरावरून आलेला तंतू असतो. यंत्राचं बटण दाबलं की अर्ध्या अर्ध्या सेकंदाने चार हलके झटके जातात आणि अंगठा चार वेळा तळहाताकडे ओढला जातो. मग मी शिरेतून स्नायू सैल करणारं औषध देते, त्याच क्युरारेच्या वंशातलं. सुरुवातीला काहीच फरक नाही, चारही ठोके ठणठणीत. सत्तर ते पंचाहत्तर टक्के रिसेप्टर औषधाने व्यापेपर्यंत अंगठ्याला पत्ताच नसतो. मग चौथा ठोका मंदावतो. मग तो जातो. मग तिसरा, दुसरा, आणि शेवटी माझ्या बोटांमध्ये धरलेला अंगठा ओल्या कापडासारखा स्वस्थ. मॉनिटरवर हृदय मात्र आपल्या चालीने टिकटिकत असतं, कारण त्याला धडकायला चेतातंतूचा हुकूम लागतच नाही, त्याची लय त्याच्या आतच तयार होते. तुमच्या भावाचं हृदय चालू राहिलं ते यामुळे.

ऑपरेशन संपताना ठोके उलट क्रमाने परत येतात. चौथा ठोका पहिल्याच्या किमान नव्वद टक्के होईपर्यंत मी घशातली नळी काढत नाही, सर्जन कितीही घाईत असले तरी. बघून फसायला होतं. पेशंट डोळे उघडतो, हात हलवतो, आणि तरीही घसा सांभाळण्याइतकी ताकद आलेली नसते.

विषबाधेतही हीच शिल्लक आधी आटते आणि मग लक्षणं दिसतात. म्हणून चावल्यानंतर काही तास माणूस ठीक वाटतो. डोळ्यांच्या आणि पापण्यांच्या स्नायूंत शिल्लक कमी, तिथे आधी कळतं. पापणी उतरते, एकाचे दोन दिसतात. मग गिळता येईना, तोंडातून लाळ गळू लागते, मान धरवेना. हातपाय त्यानंतर, आणि मग श्वासाचा पडदा. अशा पेशंटला मी दर थोड्या वेळाने एका श्वासात आकडे मोजायला सांगते. तासापूर्वी पंचवीसपर्यंत गेलेला माणूस बारावर थांबला तर नळी घालायची वेळ झाली, ऑक्सिजनचा आकडा अजून छान दिसत असला तरी.

आता नाग आणि मण्यार. दोघांच्या विषाने माणूस सारखाच लुळा पडतो, पण फटीच्या दोन वेगळ्या काठांवर. नागाच्या विषातले मुख्य घटक पलीकडच्या काठावर, स्नायूच्या रिसेप्टरवर, जाऊन बसतात. पुड्या फुटत असतात, ॲसिटिलकोलीन येत असतं, पण बसायला जागा नाही. इथे दोन गोष्टी करता येतात. प्रतिविष, म्हणजे तुम्ही म्हणता ती सापाची लस, रक्तातलं विष पकडतं, आणि रिसेप्टर हळूहळू मोकळे होऊ लागतात. शिवाय निओस्टिग्मिन देऊन आपण फटीतलं झाडलोट करणारं एन्झाइम थोडा वेळ रोखतो, म्हणजे ॲसिटिलकोलीन साठतं आणि धक्काबुक्की करून जागा मिळवतं. त्याच्या जोडीला ॲट्रोपिन द्यावं लागतं, नाहीतर नाडी मंदावते. नाग चावलेल्या माणसाची मिटलेली पापणी निओस्टिग्मिननंतर अर्ध्या तासात वर चढताना मी पाहिली आहे. बघणाऱ्याला चमत्कार वाटतो. शेजारच्या खाटेवर तुम्हाला तेच दिसलं.

मण्यारीचं विष अलीकडच्या काठावर जातं. त्यात रिसेप्टरवर बसणारेही घटक असतात, पण खरा घात करणारा वेगळा. तो चेतातंतूच्या टोकाला चिकटतो आणि तिथलं आवरण पोखरतो. साठवलेल्या पुड्या रिकाम्या होतात, आणि मग ते टोकच नष्ट होतं. आता निओस्टिग्मिन देऊन वाचवणार काय? फटीत ॲसिटिलकोलीन येतच नाही. आणि प्रतिविष रक्तात उरलेलं विष पकडेल, पण झालेली मोडतोड त्याने भरून निघत नाही. म्हणून मण्यारीत प्रतिविष जितकं लवकर तितकं उपयोगी. पापण्या पूर्ण मिटल्यावर दिलेलं प्रतिविष पुढचं नुकसान थांबवतं, मागचं नाही. तुमच्या डॉक्टरांनी "आता वाट बघायची" म्हटलं ते हात झटकणं नव्हतं. नवं टोक फुटेपर्यंत यंत्राने श्वास देत राहणं, हाच तिथला उपचार असतो.

ज्याला आपण सापाची लस म्हणतो ती लस नव्हे. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं शुद्ध करून ती कुपी बनते. मुंबईत परळला हाफकिनमध्ये हे काम फार वर्षांपासून चाललेलं आहे. एकाच कुपीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवरची प्रतिद्रव्यं असतात. म्हणून साप मारून पिशवीत घालून आणण्याची गरज नाही. त्यात फक्त वेळ जातो, आणि आणखी एकजण चावून घेतो.

तुमच्या भावाने ऐकल्याचं सांगितलं, त्यावर मला थांबून लिहायचं आहे. मण्यारीच्या विषाने डोळ्यांच्या बाहुल्याही मोठ्या होऊन स्थिर होऊ शकतात. उजेड टाकला तरी आकसत नाहीत. हातपाय नाही, खोकला नाही, बाहुल्या स्थिर. हुबेहूब मेंदू मेल्यासारखं चित्र. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एक शेतमजूर बाई अशाच अवस्थेत आली होती. नातेवाईक गाडीत श्वास देणारा फुगा हाताने दाबत दाबत तिला घेऊन आले होते. आमच्यातल्या एका अनुभवी माणसाने बाहुल्या बघून सांगितलं, की आता काही उरलं नाही, घरी न्यायचं असेल तर न्या. तिच्या उशाशीच गाडीभाड्याची बोलणी झाली. मीही तिथे उभी होते, आणि गप्प राहिले. तेवढ्यात तिच्या सासूबाई म्हणाल्या, की काल रात्री ही ओट्यावर खालीच झोपली होती आणि पहाटे पोट धरून ओरडत होती. त्या एका वाक्याने आम्ही थांबलो. पायाच्या घोट्याजवळ शोधूनही नीट न दिसणारी जखम सापडली. चौथ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे तिच्या कानाशी वाकून नाव घेतलं, आणि कपाळावर एक आठी आली. एवढीच. दोन आठवड्यांनी घरी जाताना तिने मला गाडीभाड्याचा आकडा सांगितला.

तेव्हापासून व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक माणसाशी मी बोलते. कुठे आहात, काय झालंय, आता नळी साफ करतोय, थोडा त्रास होईल. झोपेचं औषध चालू आहे ना ते बघते. स्नायू लुळे आहेत म्हणजे दुखत नाही असं मुळीच नाही. बेर्नार यांच्या बेडकाला चिमटा कळत होता.

फटीत उलट्या बाजूनेही गोंधळ होतो, आणि आपल्याकडे तो सापांइतकाच ओळखीचा आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली फवारणीची औषधं त्या झाडलोट करणाऱ्या एन्झाइमलाच घट्ट पकडून ठेवतात. ॲसिटिलकोलीन साचत जातं. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, आणि कातडीखाली किडे वळवळावेत तसे फडफडणारे स्नायू. मग तेच स्नायू लुळे पडतात. संदेश जास्त झाले तर स्नायू जास्त जोरात चालायला हवा, असं वाटतं. पण सोडियमची दारं एकदा उघडून मिटली की स्नायूचं आवरण मूळ स्थितीला आल्याशिवाय पुन्हा तयार होत नाहीत, आणि इथे रिसेप्टर आवरणाला मूळ स्थितीला येऊच देत नाहीत. अखंड हुकूम म्हणजे हुकूमच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. वापरात असलेल्या औषधांत या गटातलं मोनोक्रोटोफॉसही होतं. अशा पेशंटमध्ये ॲट्रोपिनने लाळ आणि घाम आटतात, नातेवाइकांना वाटतं बरा झाला. पण ॲट्रोपिन या स्नायूच्या फटीत काम करत नाही. पहिल्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान मान पुन्हा ढिली पडते आणि श्वास अडतो. म्हणून प्रत्येक राउंडला मी एकच गोष्ट करायला सांगते: मान उशीवरून उचला आणि धरून ठेवा.

मायस्थेनिया नावाच्या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिद्रव्यं रिसेप्टर नष्ट करतात. सकाळी ठीक असलेली पापणी संध्याकाळी उतरते. आणि यातला एक योग बघा: रिसेप्टर कमी झालेत हे १९७३ साली मोजून दाखवता आलं, ते तैवानमधल्या मण्यारीच्या जातभाईच्या विषामुळे. त्या विषातला एक घटक रिसेप्टरला असा चिकटतो की सुटत नाही, म्हणून त्याला खूण लावून रिसेप्टर मोजले गेले.

स्नायूच्या आतलं थोडक्यात सांगते. लाट स्नायूतंतूच्या अंगावरून बारीक नळ्यांतून खोल उतरते आणि आतल्या कोठारांतलं कॅल्शियम सुटतं. ते कॅल्शियम ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या दोरीवरचं झाकण बाजूला करतं, आणि मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाचे हात ती दोरी पकडून ओढतात. विहिरीतून पोहरा ओढताना एक हात धरून ठेवतो आणि दुसरा पुढे जातो, तसं. दोऱ्या आखूड होत नाहीत, एकमेकींवरून सरकतात. १९५४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात दोन वेगळ्या गटांनी हे मांडलं. दोन्हींत एकेक हक्सली होते, पण नात्यातले नव्हेत. इथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: ऊर्जेचा रेणू लागतो तो मायोसिनचा हात सुटण्यासाठी. ऊर्जा संपली की हात पकडलेलेच राहतात. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होतं ते यामुळे. काही कुटुंबांत त्या कॅल्शियमच्या कोठाराचं दार जन्मतः सदोष असतं, आणि भुलेच्या ठरावीक औषधांनी ते उघडंच राहतं. स्नायू आखडतात, ताप भराभर चढतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी मी विचारते, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का. हा प्रश्न उगाच विचारलेला नसतो.

चेतापेशी एकमेकींशी बोलतात तेव्हाही अशीच फट असते, पण तिथे एकमत नसतं. मज्जारज्जूतल्या एका पेशीवर हजारो तंतू येऊन टेकलेले असतात. काही म्हणतात चल, काही म्हणतात थांब, आणि त्या सगळ्यांची बेरीज ठरवते. कोपर वाकवताना दंडाच्या मागच्या स्नायूला कुणीतरी गप्प करावं लागतं, नाहीतर दोघे ओढत बसतील. धनुर्वाताचं विष चेतातंतूतून वर चढत मज्जारज्जूत जातं आणि नेमकं "थांब" सांगणाऱ्या पुड्यांचं फुटणं बंद करतं. मग सगळेच स्नायू एकदम आखडतात, पाठीची कमान होते. आपल्या जुन्या वैद्यांनी ठेवलेलं नाव किती नेमकं आहे. याच्याच भावंडांतलं बोटुलिनम विष स्नायूजवळच्या फटीत काम करतं आणि तिथल्या पुड्या फुटू देत नाही, त्यामुळे स्नायू सैल पडतात. दोघांची कात्री एकाच जातीची, पुडी काठाला जोडणाऱ्या प्रथिनांवर चालणारी. कापण्याची जागा वेगळी, म्हणून एकात माणूस धनुष्यासारखा ताणला जातो, दुसऱ्यात ढिला पडतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. कमजोरी कायमची राहण्याचं कारण दिसत नाही. मनगटाशी तंतू कापला गेला तर तो दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो आणि महिने लागतात. इथे मुख्य तंतू जिवंत आहे, गेलं ते फक्त सूक्ष्म टोक, आणि ज्या जागी पोचायचं ती जागा समोरच आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत काही दिवसांतच नवे अंकुर स्नायूवर जाऊन बसलेले दिसतात, आणि तीनेक आठवड्यांत बहुतेक जोडण्या पूर्ववत होतात. माणसांतही चाल साधारण अशीच असते. आत्ता जो अशक्तपणा आहे त्यातला मोठा वाटा खाटेवर पडून राहिल्यामुळे झिजलेल्या स्नायूंचा आहे.

काही दिवस पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज, मऊ भात असं द्या, बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून. जेवताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर येत असेल तर थांबा आणि दाखवून घ्या. अंडी, डाळ, जे परवडेल ते प्रथिन रोज पोटात जाऊ द्या. व्यायाम थोडा थोडा, दमेपर्यंत नाही. पापणी पुन्हा उतरू लागली, किंवा महिन्यानंतरही एकाच हाताची किंवा पायाची ताकद मागे राहिली, तर मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांकडे न्या. घरातल्या सगळ्यांना खाटेवर झोपवा, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार रात्री फिरते, आणि तिचा दंश बहुधा दुखत नाही. खाली झोपलेलं कुणी पहाटे पोटदुखीने उठलं आणि पापण्या जड वाटल्या, तर जखम शोधत बसू नका, गाडी काढा.

प्रगती मोजायला यंत्र लागत नाही. भावाला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा. आज जमणार नाही. दर रविवारी करून बघा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.